तीन पायांचं टेबल

शनिवारी दुपारचे चार वाजले की योंगरानच्या दुकानात गिऱ्हाईक येणं म्हणजे आफत. मसानच्या मासळीबाजारात तिचं सुक्या मासळीचं दुकान तीस वर्षं चाललंय. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. एरवी आलेल्या बाईच्या गळ्यात वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे दोन गठ्ठे जास्तीचे मारल्याशिवाय ती सोडायची नाही. पण शनिवारी चारला कुणी मांदेली मागितली, की ती फोनवरून मान वर न करता म्हणायची, "अहो, बघा हो जरा." मग तिचा नवरा दूसिक कुरकुरत स्टुलावरून उठायचा.

"कोडं आलंय," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "आता दुकानाला आग लागली तरी हिला विचारू नका. आधी गाणं, मग बंब."

‘सुईचं टोक’ नावाचा तो ऑनलाइन कट्टा. चारशेच्या वर माणसं, बहुतेकांची साठी उलटलेली, आणि सगळ्यांना एकच वेड, जुन्या तबकड्यांचं. दर शनिवारी चारला कुणी तरी कोडं घालायचं आणि बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. गाण्याचं नाव नाही, ओळ नाही, नुसती आडवळणाची खूण. उत्तर बरोबर आलं तर कोडं घालणारा लिहायचा, ‘सुई टेकली’. चुकलं तर ‘सुई घसरली’. जो जिंकेल त्याने पुढचं कोडं घालायचं. इथवर काही विशेष नाही, असे कट्टे छप्पन्न असतील. पण ‘सुईच्या टोका’चा एक नियम होता. नुसतं उत्तर चालायचं नाही. ते गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं, कुणाशेजारी बसून ऐकलं, समोर खायला-प्यायला काय होतं, तेही लिहायचं. याला सगळे ‘पत्ता’ म्हणायचे. गाण्याचं नाव फोनला विचारलं तर फोनही सांगतो. पण चौऱ्याहत्तर साली थेगूच्या स्टेशनासमोर तुमच्या कॉफीत अंड्याचा बलक होता की नव्हता, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

हा नियम गुरुजींचा. गुरुजी म्हणजे छॉन्जूचे निवृत्त भूगोल शिक्षक, कट्ट्याचे चालक. शाळा सुटली तरी छडी सुटली नव्हती. "पत्ता अपुरा आहे, शेजारी कोण बसलं होतं ते लिहिलेलं नाही," असं म्हणून त्यांनी भल्याभल्यांची उत्तरं परत पाठवली होती. त्यांच्याशी दर आठवड्याला भांडणारा एक टॅक्सीवाला होता, बुसानचा. तो सिग्नलला थांबला की अर्धं उत्तर द्यायचा आणि पुढच्या सिग्नलला उरलेलं.

योंगरानचं तिथलं नाव ‘मखमल’. सहा वर्षांत तिने एकतीस कोडी सोडवली होती. तिचे पत्तेही झकास असायचे. कॉजे बेटावरच्या आत्याचं घर, शेजाऱ्यांचा रेडिओ, बोटीच्या धक्क्यावरचा भोंगा. एका जागेचं नाव मात्र तिने कधीच लिहिलं नाही, आणि खरं तर तिने सगळी गाणी त्याच जागी ऐकली होती.

त्या शनिवारी कोडं घालायची पाळी टॅक्सीवाल्याची होती. "मला लांबचं भाडं लागलंय, माझी पाळी नव्या माणसाला द्या, किती दिवस कोपऱ्यात बसवणार त्याला," असं तो म्हणाला. नवं माणूस दोन आठवड्यांपूर्वी आलं होतं. नाव घेतलं होतं ‘सकाळची पाळी’. त्याने लिहिलं:

‘चार पायांचं टेबल. दुसऱ्या मजल्यावर चढवलं की तीनच पाय उरतात. तरी एकही कप सांडत नाही. उलट पाय जातो तेव्हाच सगळे आपापला कप उचलतात. गाणं कोणतं? आणि तिसरा पाय गेला कुठे?’

योंगरान मांदेलीची डोकी खुडत बसली होती. रश्शासाठी मासळी देताना डोकं आणि आतली काळी पिशवी काढून द्यायची, नाही तर रस्सा कडू होतो. हे काम ती झोपेतही करील. पण आता एक डोकं तिच्या चिमटीतच राहिलं.

"काय गं?" दूसिकने विचारलं. "रंग का उडालाय? कोण गेलं?"

"कुणी नाही. अवघड आहे, एवढंच."

अवघड कसलं! चारशे माणसांत हे कोडं एकट्या तिलाच सोपं होतं.

हानूल संगीतघर. छांगदोंगच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना असा कुरकुरायचा की वर कोण येतंय ते पावलांवरून कळे. आत कोळशाच्या वड्यांची शेगडी, अकरा टेबलं, आणि भिंतीला लागून काचेची एक खोली. त्या खोलीत दोन हजार तबकड्या आणि मधोमध यांग ब्योंगहो. वय सत्तावीस, केस मानेपर्यंत, मागच्या खिशात कंगवा. लोक चिठ्ठीवर गाण्याचं नाव लिहून काचेच्या फटीतून आत सारायचे, आणि तो चिठ्ठी माईकवर वाचून गाणं लावायचा. आवाज असा, की कारखान्यातल्या मुली दिवसभर सोल्डरिंग करून थकलेल्या पायांनी दोन जिने चढून यायच्या, एका कॉफीवर तीन तास बसायच्या आणि गाण्यापेक्षा चिठ्ठी वाचण्याचीच वाट बघायच्या. काय दिवस होते! बाहेर संचारबंदी, भीती, पोलीस लोकांच्या केसांची लांबी मोजायचे, आणि आत एकाच तबकडीवर साठ माणसं गप्प.

योंगरान तेव्हा एकोणीस वर्षांची. बेटावरून आलेली, पाच भावंडांत थोरली. तिचं काम तबकड्या पुसायचं. मखमली कापडाने गोल गोल पुसायचं आणि पाकिटात घालायचं. काचेच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, सुईला हात लावायचा नाही. मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सुईला हात लावलास तर त्याच दिवशी बोटीत बसवून देईन." बोटीत बसवणं म्हणजे बेटावर परत. आणि तिथे चाळिशीच्या एका विधुराशी तिचं लग्न ठरवलेलं होतं.

आणि एक तबकडी होती. छा वोल्हा नावाच्या गायिकेची, तिची पहिली आणि शेवटची. त्यातलं ‘शेवटच्या बोटीचा दिवा’ हे गाणं हानूलमध्ये रोज पाच-सहा चिठ्ठ्यांवर असायचं. गाणी फार उदास आहेत म्हणून सरकारने ती तबकडी दुकानांतून उचलली होती. मालकाने कुठून कुठून हात-पाय मारून एक मिळवली होती. दुसरी मिळणं शक्यच नव्हतं.

नोव्हेंबरातली एक दुपार. संगीतघर उघडायला तासभर होता, वर कुणी नव्हतं. योंगरानला वाटलं, एकदा, फक्त एकदा आपल्या हाताने लावून बघावं. ती काचेच्या खोलीत शिरली. तबकडी ठेवली, सुई टेकवली. दुसरं कडवं सुरू झालं आणि जिना कुरकुरला. मालक! तिची पाचावर धारण बसली. तिने सुईचा दांडा ओढला आणि सुई तबकडीवरून खर्रर करून गेली. तो आवाज तिने पंचेचाळीस वर्षांत कुणाला सांगितला नाही. तबकडी पाकिटात घातली, पाकीट फळीवर, आणि ती बाहेर येऊन टेबलं पुसायला लागली. वर मात्र कुणीच आलं नाही. जरा वेळाने पुन्हा जिना वाजला आणि यांग मोठमोठ्याने खोकत वर आला. सर्दी झाली असेल असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी चिठ्ठी आलीच. यांगने गाणं लावलं. पहिलं कडवं गेलं, दुसऱ्याच्या दोन ओळी गेल्या, आणि सुईने उडी मारली ती थेट चौथ्या ओळीवर. तिसरी ओळ गडप! साठ माणसांचा श्वास अडकला. यांग क्षणभरही अडखळला नाही. माईकवर म्हणाला, "मंडळी, आपल्या बोटीला लाट लागली. आपापले कप सांभाळा." सगळे हसले आणि सगळ्यांनी कप उचलले. पुढे ती रीतच पडली. रोज रात्री दुसऱ्या कडव्यात सुई उडाली की अकरा टेबलांवर कप वर जायचे. नवीन माणसाला वाटायचं गाणंच तसं आहे.

मालक मात्र हसला नाही. "कुणी केलं?" त्याने विचारलं. यांग म्हणाला, "माझ्याच हातून. सकाळी सुई बदलताना पडली." योंगरान हातात कापड घेऊन तिथेच उभी होती. तिला वाटलं, बिचाऱ्याला खरंच वाटतंय की आपल्याच हातून झालं. तोंड उघडायची हीच वेळ होती. उघडलं नाही.

मालकाने यांगची संध्याकाळची पाळी काढली आणि त्याला सकाळची दिली. सकाळी संगीतघरात कोण येतंय? दोन म्हातारे आणि शेगडीजवळचं मांजर. कारखान्यातल्या मुलींच्या चिठ्ठ्या बुसानहून आणलेला दुसराच कुणी वाचू लागला. वसंतात एका सकाळी यांगला सांगितलं, "ज्याला स्वतःची सुई सांभाळता येत नाही त्याची इथे गरज नाही." तो कंगवा खिशात खोचून जिना उतरला, उतरताना योंगरानला म्हणाला, "कापड कोरडं ठेवत जा, ओल्या कापडाने तबकडी खराब होते." पुढे त्याचं काय झालं कुणाला कळलं नाही. हानूल कधीच बंद पडलं, आता तिथे दातांचा दवाखाना आहे.

‘सकाळची पाळी’. हे नाव घेणारा दुसरा कोण असणार! म्हणजे यांग हयात होता. आणि विचारत होता, तिसरा पाय गेला कुठे.

पहिला शनिवार गेला. कट्ट्यावर तर्कांना ऊत आला. टॅक्सीवाल्याने चार गाणी सांगितली, चारही वेळा सुई घसरली. गुरुजींनी तीन ओळींच्या कडव्यांची यादीच काढली. योंगरान नुसती वाचत राहिली.

दुसऱ्या शनिवारी कोण्या एकाने नेमकं लिहिलं, "कप आणि लाट म्हणजे ‘शेवटच्या बोटीचा दिवा’ तर नव्हे?"

लगेच उत्तर आलं, "गाणं बरोबर. पण पत्ता? तिसरी ओळ कुठे गेली? कृपा करून कुणी सांगा."

गुरुजी खवळले. "नव्या सभासदास कळवण्यात येतं की या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात पूर्ण चार ओळी आहेत. दहा वर्षांपूर्वी गाणं पुन्हा निघालं तेव्हा सगळ्यांनी ऐकलंय. तिसरी ओळ सुकत घातलेल्या मासळीवर बसलेल्या मांजराची आहे. तीन ओळींचं गाणं अस्तित्वात नाही. खोटं कोडं घालणाऱ्याला इथे जागा नाही, आधीही एकाला काढलेलं आहे. पुढच्या शनिवारपर्यंत पुरावा द्यावा."

"पुरावा माझ्याकडे नाही," नव्या माणसाने लिहिलं. "म्हणूनच तर विचारतेय."

विचारतेय? योंगरानने दोनदा वाचलं. म्हणजे हा यांग नव्हे, कुणी बाई आहे.

तो आठवडा तिने कसा काढला तिचं तिला माहीत. दोनदा रस्सा खारट झाला. मुळ्याच्या किमचीत मीठ घातलंय की नाही हे आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. दूसिकने एक घास खाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"हे बघ," तो म्हणाला, "चाळीस वर्षं तुझ्या हातचं खातोय, आता मारायचं असेल तर सरळ विष घाल. मीठ महाग झालंय."

योंगरान हसली नाही. तिने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "अहो, एखाद्याने लहानपणी काही केलं, दुसऱ्याने त्याचं भोगलं, आणि आता म्हातारपणी ते उकरून काढलं तर कुणाचं भलं होतं?"

"कुणाचं काय केलंस तू?"

"मी कुठे म्हटलं मी केलं!"

"चोराच्या मनात चांदणं," दूसिक म्हणाला, पण जरा मऊ आवाजात. "सहा वर्षं बघतोय. कोडं सुटलं की तू नाचतेस. हे सुटलंय आणि तू रडकुंडीला आलीस. एवढं मलाही कळतं, मला तालसुद्धा कळत नसला तरी."

तिसरा शनिवार उजाडला. सव्वातीनला गुरुजींनी लिहून टाकलं, "चारपर्यंत पत्ता न आल्यास कोडं पाकिटात जाईल आणि ‘सकाळची पाळी’ यांचं नाव काढून टाकण्यात येईल." पुन्हा कुणाला तरी काढणार होते. त्याच गाण्यावरून, त्याच ओळीवरून, आणि योंगरान पुन्हा हातात कापड घेऊन उभी. तिला स्वतःचाच असा संताप आला की तिने मांदेलीची टोपली बाजूला लोटली. समोर एक बाई शेवाळ मागत होती. "आज दुकान बंद आहे," योंगरान तिला म्हणाली आणि तिच्यासमोरच स्टुलावर बसून लिहायला लागली.

‘पत्ता: मसान, छांगदोंग, दुसरा मजला, हानूल संगीतघर. एकोणऐंशीचा हिवाळा. मी बसून ऐकलं नाही, उभी होते. शेजारी कुणी नव्हतं. खायला काही नव्हतं, हातात मखमली कापड होतं. गुरुजी, तीन ओळींचं गाणं अस्तित्वात होतं. एकाच तबकडीवर, एकाच खोलीत, पाच महिने. तिथे सुई उडायची आणि आम्ही सगळे कप उचलायचो. मसानमध्ये माझ्या वयाचं जे कुणी ते गाणं गुणगुणतं ते आजही तीनच ओळी म्हणतं. तिसरी ओळ मी घालवली. सुईला हात लावायची मला मनाई होती, मी चोरून लावला. नाव आलं यांग ब्योंगहो यांच्यावर. त्यांची पाळी गेली, मग काम गेलं. मी गप्प बसले. तुम्ही त्यांच्या कोण ते मला ठाऊक नाही. ते असतील तर त्यांना सांगा की ती रेघ त्यांच्या हातून पडली नव्हती. मांजराची ओळ त्यानंतर मी थेट पंचावन्नाव्या वर्षी ऐकली. एवढ्याशा मांजरापायी एका माणसाचं आयुष्य उलटंपालटं झालं.’

पाठवलं. तीन त्रेपन्न झाले होते. कट्टा चिडीचूप. टॅक्सीवाल्यालासुद्धा सिग्नल मिळेना.

चार वाजून दोन मिनिटांनी उत्तर आलं, ‘सुई टेकली.’ आणि त्याखाली, ‘ताई, मला फोन कराल का?’

फोनवरची बाई बोलण्याआधी बराच वेळ रडली. तिचं नाव यांग सेरिम, यांगची मुलगी, चिंजूत राहणारी. वडील दोन वर्षांपासून विसरायला लागले होते. आधी चाव्या, मग रस्ता, मग बायको वारल्याचं. वृद्धांच्या निवासात ठेवलं होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून ती दर भेटीत हेच गाणं लावायची, कारण ते तेच गुणगुणत असत.

"पण ते तिसरी ओळ गाळायचे," सेरिम म्हणाली. "दर वेळी. गाणं लावलं आणि मांजराची ओळ आली की चिडायचे, ‘चुकीचं आहे, हे चुकीचं आहे’ म्हणून फोन ढकलून द्यायचे. तिथल्या बाई वहीत लिहायच्या, आज पुन्हा एक ओळ विसरले. आणि मी, ताई, मी दोन वर्षं त्यांना ती ओळ शिकवतेय. लहान मुलाला शिकवावी तशी. ‘बाबा, म्हणा, मासळीवर मांजर.’ ते म्हणायचे, ‘नाही, तिथे कप उचलायचा.’ मला वाटायचं, गेलं, आता सगळंच गेलं. शेवटी म्हटलं, एकदा कुणाला तरी विचारावं. दोन वर्षं मी त्यांना चूक म्हणत आले हो."

"त्यांचं बरोबर होतं," योंगरान म्हणाली. "शंभर टक्के बरोबर. तुझे बाबा एक अक्षरही विसरलेले नाहीत."

संध्याकाळी कट्ट्यावर गुरुजींची तीन ओळींची चिठ्ठी होती: ‘पुरावा मागण्यात मी घाई केली. दोघींची क्षमा मागतो. हा पत्ता पूर्ण आहे.’ टॅक्सीवाल्याने लिहिलं, ‘मसान ते चिंजू जायचं असेल तर भाडं घेणार नाही.’

पण टॅक्सी लागली नाही. रविवारी सकाळी दूसिकनेच मासळीची छोटी गाडी काढली. कट्ट्यावरचा मजकूर त्याने चष्मा लावून दोनदा वाचला होता.

"मला वाटलं होतं तुझं कुणाशी तरी काही तरी होतं," तो गाडी चालवता चालवता म्हणाला. "आठवडाभर जीव टांगणीला. निघालं काय, तर ओरखडा!"

"तुम्हाला ओरखडा वाटतो. त्या माणसाचं काम गेलं."

"ते खरंच आहे," तो म्हणाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या वळचणीला सोललेली पर्सिमन फळं दोऱ्यांवर वाळत टांगलेली होती.

यांगची खोली दुसऱ्या मजल्यावरच होती. खिडकीत ऊन आलं होतं. खुर्चीत बसलेला माणूस योंगरानने रस्त्यात ओळखला नसता. खांदे गेले होते, केस विरळ पांढरे, बारीक कापलेले. पण सदऱ्याच्या खिशातून कंगव्याचं टोक दिसत होतं, आणि ते बघून तिचे पाय दारातच थबकले.

"बाबा, पाहुण्या आल्यात," सेरिम म्हणाली. "मसानहून. हानूलला यायच्या म्हणे."

"हानूल?" यांगने मान वर केली. आवाज तोच होता, जरा खरखरीत, पण तोच. "कुठल्या टेबलावर बसायचात?"

"मी उभी असायची," योंगरान म्हणाली.

"गर्दी फार व्हायची. संध्याकाळच्या पाळीला फार." तो खुश झाला. तिच्याकडे नीट बघितलं त्याने, पण ओळख काही पटली नाही. पासष्टीच्या जाड्या कोळणीत एकोणीस वर्षांची काटकुळी पोर कुणाला दिसणार?

योंगरानने खोकून घसा साफ केला. तिने घरून निघताना शंभर वाक्यं जुळवली होती, मला माफ करा वगैरे. त्यातलं एकही आठवेना. मग ती सरळ गायलाच लागली. आवाज बेसूर, बाजारात ओरडून ओरडून फाटलेला. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याची पहिली ओळ, दुसरी ओळ. यांग खुर्चीत पुढे सरकला. तिने तिसरी ओळ गाळली, टेबलावरचा सातूच्या चहाचा कप उचलला आणि चौथ्या ओळीवर उडी मारली.

यांगचाही कप वर गेला होता. दोघांचे कप एकाच क्षणी हवेत होते.

"बघ!" तो मुलीवर ओरडला. "बघितलंस? मी काय सांगत होतो! या बाईंना विचार. तिथे बोटीला लाट लागते!"

"हो बाबा," सेरिम म्हणाली. "तुमचंच बरोबर. माझं चुकलं." तिने तोंड खिडकीकडे वळवलं. दूसिक बिचारा दारात मांदेलीचं खोकं घेऊन उभा होता, त्याला कळेना ते कुठे ठेवावं.

योंगरानने खुर्ची जवळ ओढली. आता सांगायलाच हवं होतं. "यांगदादा," ती म्हणाली, "ती रेघ तुमच्या हातून पडली नव्हती. ती..."

"श्श!" त्याने तिचं मनगट धरलं. दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला. "हळू बोला. मालक वर येईल. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला... मला ठाऊक आहे."

"मग कुणाजवळ बोलू नका. ती पोरगी आहे ना, कापडाने पुसते ती, बेटावरची. तिने केलं. मी जिन्यात होतो. वर आलो तर काचेतून दिसली, सुईचा दांडा धरून उभी, थरथर कापत होती. मग मी तसाच खाली गेलो. परत चढताना खोकत खोकत आलो, म्हणजे तिला सावरायला वेळ मिळेल." तो हसला. "कसा खोकलो! घसा दुखला."

योंगरान त्याच्या हातातल्या आपल्या मनगटाकडे बघत राहिली.

"मालकाला मी सांगितलंय, माझ्या हातून झालं. माझं काय, मी कुठेही चिठ्ठ्या वाचीन. तिला बोटीत बसवलं तर घरचे तिला कुणा थेरड्याच्या गळ्यात बांधतील, कोपऱ्यातल्या टेबलावरच्या मुली बोलत होत्या. एका गाण्यापायी?" तो पुढे वाकला. आता तो काळजीत दिसत होता, अगदी मनापासून. "पण तिला हे कळता कामा नये हं. कळलं तर पोर जन्मभर मनाला लावून घेईल. तशीच आहे ती. तुम्ही सांगणार नाही ना तिला?"

योंगरानच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला तिचा एकच हात मोकळा होता.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"शब्द?"

त्याने करंगळी पुढे केली. तिने तिच्यात आपली करंगळी अडकवली, आणि लहान मुलं करतात तसा त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा दाबून शिक्का मारला. मग त्याचं समाधान झालं. त्याने खिशातून कंगवा काढून केसांवरून एकदा फिरवला आणि सेरिमला म्हणाला, "पाहुण्यांचा चहा निवला, दुसरा आण."